तीन वेळा आराम

सासूचा उजवा हात मोडला तो परसातल्या ओल्या फरशीनं, आणि वाया घालवला तो मी. या दोन्हींत फरक आहे. तो कळायला मला तीन महिने लागले, आणि कळला तेव्हा त्याचा उपयोग नव्हता.

तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांची होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. तंजावूरच्या आमच्या मराठी घरांतून देवनागरी वाचता येणाऱ्या बायका बोटांवर मोजण्याइतक्या. मला देवनागरी येई, तमिळ येई, इंग्रजी येई. तीन लिप्या येत होत्या, अक्कल एकीतही नव्हती. नव्वदीच्या सुरुवातीची वर्षं ती. गल्लीत या घरावरून त्या घरावर केबलच्या काळ्या वायरी लोंबायला लागल्या होत्या. आमच्याकडे रंगीत टीव्ही आला होता, ओट्यावर ठेवायचा ग्राइंडर आला होता, आणि मी हिंदी मालिका बघून शेजारणींना त्यांचा अर्थ सांगत असे. निम्मा अर्थ माझ्या पदरचा. डोळ्यांच्या डॉक्टरनं वाचायचा चष्मा दिला होता, तो मी कपाटात साड्यांच्या मागे ठेवला होता. चष्मा लावला की बाई आजी दिसते, असं माझं मत होतं. आता आजी झाले आहे, आणि चष्म्यावाचून आरशातली बाई कोण तेही मला सांगता येत नाही.

सासूला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिला येत होतं ते सोवळं. पहाटे विहिरीवर अंघोळ, ओलेत्यानं आत येणं, माजघरामागच्या उंच दांडीवरून काल वाळत घातलेलं नऊवारी काठीनं खाली ओढणं, दाराआड ते नेसणं, आणि मग चूल. त्या दांडीला आम्ही तमिळ शब्दानं कोडी म्हणायचो. कोडीवरच्या लुगड्याला दुसऱ्याचा हात लागला की ते बाटलं. सासूलाही लुगडं नेसल्यावर जेवण होईपर्यंत कुणी शिवायचं नाही. स्वतःच्या हातचं, सोवळ्यात शिजवलेलं तेवढंच ती खायची. म्हणजे तिचं जेवण तिच्या उजव्या हाताला टांगलेलं होतं: तो डोक्याच्या वर जायला हवा, काठीसाठी, आणि पाठीमागे जायला हवा, कासोटा खोचण्यासाठी. एवढं साधं गणित. पण तेव्हा आमच्या घरात ते कुणाला मांडावंच लागलं नव्हतं.

श्रावणात ती विहिरीपाशी घसरली. खांद्याच्या जरा खाली, दंडाच्या हाडाला तडा गेला. हाड जागचं हललं नव्हतं, म्हणून प्लास्टर नको, नुसती झोळी गळ्यात अडकवा, असं हाडांच्या डॉक्टरनं सांगितलं. त्या तीन आठवड्यांत ती दूध, केळी आणि भाजलेल्या शेंगदाण्यांवर राहिली. मी केलेला भात खाल्ला नाही. मी बोलले तर म्हणाली, "तीन आठवड्यांनी कोण मरतंय गे? मार्गशीर्षात ह्यांचं श्राद्ध. तंवर हात उचलला म्हणजे जाहलं."

सासऱ्यांच्या श्राद्धाचा स्वयंपाक ती दरवर्षी एकटी करायची. आम्हाला उंबऱ्याबाहेर उभं राहून सामान सरकवायची परवानगी होती. तिला त्या हाताचं दुसरं काही नको होतं. केस मी विंचरून दिले तरी चालत होते. मार्गशीर्षातला तो एक दिवस तिला हवा होता.

झोळी काढायच्या दिवशी मी तिला बसनं गावाबाहेरच्या त्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरनं एक्स-रेची नवी तसबीर बघितली, हाड जुळत आलंय म्हणाला, आणि त्याच दवाखान्याच्या मागच्या खोलीत फिजिओथेरपीला पाठवलं. तिथं नुकतीच शिकून आलेली एक मुलगी होती, वेणीत मोगरा, पायात कापडी बूट. तेवढ्यात वीज गेली. व्हरांड्यात माझी एक ओळखीची बाई भेटली, तिच्या घरी केबलवर कुठले कुठले चॅनेल लागतात याची मी चौकशी करत राहिले. आत अंधारात त्या मुलीनं सासूला काय सांगितलं ते मी ऐकलं नाही. शेवटी आत गेले तेव्हा ती एका कागदावर तमिळमध्ये लिहीत होती. मी म्हटलं, लिहून द्या, मला वाचता येतं. ती म्हणाली, दहा दिवसांनी परत या. मी हो म्हटलं आणि बस पकडली.

कागदावर तीन ओळी. पहिली ओळ: गरम पाण्याचा शेक. दुसरी: वजन उचलायचं नाही. तिसरीवर मी थांबले, कागद जरा लांब धरला आणि घरी सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं: "आराम. रोज तीन वेळा, पंधरा मिनिटं."

इथं तमिळ अक्षरांचं थोडं सांगायला हवं. तमिळमध्ये अर्धं अक्षर दाखवायला त्याच्या डोक्यावर टिंब देतात. 'र'वर टिंब असलं तर तो शब्द 'आर्म'. इंग्रजीतला आर्म, म्हणजे हात. टिंब नसलं तर 'आरम'. तमिळ माणसानं तो शब्द टिंबाशिवाय वाचला असता तर त्याला गळ्यातला हार आठवला असता, आणि हाडांच्या दवाखान्यात हार कुठून आला म्हणून तो परत विचारायला गेला असता. मराठी माणसाला विचारायची गरज पडत नाही; एक काना राहिला असेल म्हणतो आणि पुढे जातो. आराम म्हणजे आराम. घरात बोलायला मराठी आणि बाहेर वाचायला तमिळ, अशा घरातच हा गाढवपणा होऊ शकतो, आणि आमच्या घरात तो करायला मी तयारच बसले होते.

सासू म्हणाली, "ती पोरगी कायसं हालव म्हणत होती गे. वाकून हात लोंबवून दाखवला तिनं. मला वाटलं तिचाच हात दुखतोय."

मी कागद तिच्यासमोर धरला, जिला वाचता येत नव्हतं तिच्यासमोर, आणि म्हटलं, "अम्मा, लिहिलेलं खरं की अंधारात बघितलेलं खरं?"

लिहिलेल्याला ती फार मानायची. पंचांगाला मानायची, रेशनकार्डाला मानायची, तशीच त्या दिवशी मला मानली.

मग मी आराम देऊ लागले. पंधरा मिनिटं तीन वेळा हे मला कमी वाटलं. औषध नाही, काही नाही, नुसता आराम, तर मग हात आखडता का घ्या? मी दिवसभर दिला. उतरवलेली झोळी धुऊन पुन्हा बांधली. हाताखाली उशी ठेवली. ती ताक घुसळायला बसली की उठवलं. फुलं वेचताना तिनं हात जरा लांब केला की ओरडले. एकदा तर ती मुलासाठी, म्हणजे माझ्या नवऱ्यासाठी, फळीवरचा लोणच्याचा सट काढायला गेली तेव्हा मी तिला हाताला धरून पलंगावर नेऊन बसवलं, आणि नवऱ्याला म्हटलं, तुमच्या आईला जरा सांगा, आयुष्यात पहिल्यांदा कुणी बसून राहा म्हणतंय तर बसावं. नवरा ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीत कारकून. सकाळच्या बसनं जायचा, संध्याकाळी यायचा, आणि दोन बायकांच्या मधे कधी उभा राहायचा नाही. तो म्हणाला, बस ना अम्मा. ती बसली, आणि दूध-केळ्यांवरच राहिली.

नातेवाईक बघायला यायचे. तिरुवैयारुहून तिची बहीण आली, ती तर मला जवळ घेऊन म्हणाली की अशी सून मिळायला पुण्य लागतं. मी लाजले. खरंच लाजले, मान खाली घालून, साडीचा पदर बोटाला गुंडाळत. ते आठवलं की अजून कान गरम होतात.

दहा दिवसांनी परत जायचं होतं. तेव्हा माझ्या मुलाच्या चाचणी परीक्षा होत्या. मग नवरात्र आलं, घरात बाहुल्यांची आरास मांडायची होती, आणि सासूचा हात काही दुखत नव्हता. दुखेल कसा? हलवला तर दुखेल. दिवाळी आली. दिवाळीत तंजावूरला पाऊस असतो, फटाके ओले होतात आणि कोडीवरचे कपडे दोन दोन दिवस वाळत नाहीत. अशा एका सकाळी सासूनं मला न सांगता झोळी काढली, काठी घेतली आणि कोडीकडे हात नेला.

मी स्वयंपाकघरातून बघत होते. हात कमरेपासून निघाला, छातीपर्यंत आला, आणि तिथं अडला. पुढे खांदा नुसता कानाकडे उचलला गेला, हात नाही. तिनं पुन्हा केलं. मग काठी डाव्या हातात घेतली, उजवा हात पाठीमागे न्यायला बघितला. तो कमरेच्या बाजूला, हाडापाशी थांबला. तिनं काठी भिंतीला नीट उभी केली आणि पाटावर बसली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्याच्या त्या मागच्या खोलीत. या वेळी वीज होती आणि मी सगळं बघितलं. बाकांवर आजार बसले होते. एका बाईचे गुडघे बाहेरच्या बाजूला वाकलेले. ती खेड्यात पाण्यात उभं राहून भातलावणी करायची, आता जमिनीवर बसता येत नव्हतं. मोपेडवरून पडलेला एक माणूस मनगट ओंजळीत धरून. टाच टेकवली की विव्हळणारा एक बस कंडक्टर. मानेला पट्टा लावलेला एक वीणा शिकवणारा, ज्याला मान वळवता येत नव्हती, म्हणून कुणी हाक मारली की तो सगळाच वळायचा. फिजिओथेरपी म्हणजे मालिश, असं मी तोवर धरून चालले होते. इथं कुणी कुणाला चोळत नव्हतं. जो तो आपला दुखरा सांधा आपणच हलवत होता, चेहरा वाकडा करून, आणि ती मुलगी मोजत होती.

तिनं सासूचा हात हळूच उचलून बघितला आणि मला विचारलं, व्यायाम किती वेळा केला?

मी म्हटलं, दिवसभर.

"दिवसभर? कसा?"

"झोपून."

तिनं कागद मागितला. मी पर्समधून काढून दिला. तिनं बघितला, माझ्याकडे बघितलं, मग त्या शब्दावर बोट ठेवून कागद माझ्या डोळ्यांच्या अगदी जवळ आणला. जवळ आणल्यावर मला काहीच दिसेना. शेवटी ती तमिळमध्ये, प्रत्येक शब्द वेगळा करत म्हणाली, "आर्म. हात. मी दाखवला तसा हात हलवायचा. रोज तीन वेळा."

टिंब होतं. बारीक होतं, पण होतं. हे मी नंतर घरी चष्मा लावून बघितलं.

मग ती मुलगी रागावली नाही, त्याचं मला जास्त वाईट वाटलं. तिनं टेबलावरची कापडी पिशवी घेतली आणि समजावलं. हाड तर छान जुळलंय. पण खांद्याच्या सांध्याभोवती एक पिशवी असते, सैल, घडीघडीची, म्हणून हात एवढा सगळीकडे फिरतो. हलवला नाही की तिच्या घड्या एकमेकींना चिकटतात, ती आखडत जाते. तिनं पिशवीचं तोंड मुठीत आवळून दाखवलं. तुटलेलं हाड गप्प ठेवलं की जुळतं, सांधा गप्प ठेवला की धरतो. दोन्ही एकाच हातात असतात, म्हणून केव्हा गप्प ठेवायचं आणि केव्हा हलवायचं ते सांगावं लागतं. ते तिनं लिहून दिलं होतं.

मी विचारलं, मार्गशीर्षापर्यंत होईल? तिला मार्गशीर्ष कळेना, मी मार्गळी म्हटलं. ती म्हणाली, सहा महिने धरा. वर्षही लागेल. पूर्ण येईल असं नाही सांगत.

हे सगळं सासूसमोर, तमिळमध्ये. तिला तमिळ आमच्यापेक्षा चांगलं कळायचं. परतीच्या बसमध्ये मी खिडकीबाहेर भाताच्या हिरव्या शेतांकडे बघत राहिले, की आता बोलेल, मग बोलेल. कालवा गेला, नारळीची बाग गेली. ती एवढंच म्हणाली, "आराम छान जाहला पण गे. पन्नास वर्षांत तेवढा नव्हता केला." आणि हसली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मी त्यांना उत्तर दिलं असतं, मी तशी तयारीची होते.

त्यानंतर रोज पहाटे, तिच्या अंघोळीआधी, म्हणजे शिवाशिवीचा प्रश्न यायच्या आधी, आमचा कार्यक्रम, आणि दुपारी नि संध्याकाळी पुन्हा. गरम पाण्याचा शेक. मग ती डावा हात टेबलावर टेकून वाकायची आणि उजवा हात घंटेच्या लोलकासारखा सोडायची, पुढे-मागे, मग गोल. मग भिंतीवर बोटांनी चढायचं, एकेक बोट, मुंगीसारखं. जिथं थांबेल तिथं मी कोळशानं रेघ ओढायची. दाराच्या वर कप्पी लावून नवऱ्यानं दोरी टाकली होती. डाव्या हातानं दोरी खाली ओढायची की उजवा हात आपोआप वर. आणि शेवटी माझी पाळी. तिला उताणं निजवून मी हात धरायचा आणि तो अडेल तिथून आणखी थोडा पुढे न्यायचा, मोजत. ते मला त्या मुलीनं शिकवलं होतं. दुखणार, पण थांबू नका, म्हणाली होती.

सासू दुखण्याला ओरडत नसे. ती नाकानं श्वास सोडायची, जोरानं, बैलगाडी चढावर लागल्यावर बैल सोडतो तसा. दहापर्यंत मोजायचे असत. मी भराभर मोजायला लागले की ती म्हणायची, "सहा राहिला." तिला आकडे येत होते.

कोळशाच्या रेघा आधी भराभर चढल्या. आठवड्याला चार बोटं, मग दोन, मग एक. मी त्या रेघांकडे दिवसातून दहा वेळा बघायची. त्या मुलीला विचारायची, अजून काही लेप, इंजेक्शन, गोळी? ती म्हणायची, हेच. हाच उपाय. मला वाटायचं ती काहीतरी लपवतेय. माझ्यासारख्या माणसाला साधा उपाय खरा वाटत नाही. मी तीनऐवजी सहा वेळा करायला लावलं, तर खांदा सुजला आणि चार दिवस सगळंच बंद ठेवावं लागलं. तेव्हा ती मुलगी मला म्हणाली, जरा रागानंच, की तुम्हाला तीन हा आकडा तीनच का वाचता येत नाही?

मार्गशीर्षातला तो दिवस आला. पाऊस उघडला होता. आदल्या संध्याकाळी सासूनं लुगडं स्वतः धुऊन, डाव्या हातानं काठी धरून कसंबसं कोडीवर टाकलं होतं. पहाटे तिची अंघोळ झाली, मी ऐकलं. ओल्या पावलांचा आवाज माजघरातून मागे गेला. मग काठीचा आवाज. हात कानाच्या वर जात नव्हता अजून, पण तिनं टाचा उंचावल्या असाव्यात, कारण लुगडं खाली आलं. मला इकडे स्वयंपाकघरात टाळी वाजवावीशी वाटली. मग बराच वेळ काही नाही. दाराआड कापडाची सळसळ, थांबणं, पुन्हा सळसळ. निऱ्या पुढे घालता येत होत्या. मागचा कासोटा खोचायला हात पाठीच्या मधोमध यायला हवा, तो कमरेच्या हाडाला येऊन अडत होता. डाव्या हातानं करून बघितलं असेल. उजेड झाला. भटजी नऊला येणार होते.

"आहेस काय गे?"

मी दाराशी गेले. शिवायचं नव्हतं, म्हणून बाहेरच उभी राहिले.

"अंघोळ करून ये. ओलेत्यानं ये. पेटीतलं माझं दुसरं लुगडं पाण्यात बुडवून नेस."

मला नऊवारी नेसता येत नव्हतं. लग्नात नेसवलं होतं, त्यानंतर मी सहावारीची बाई, आणि त्याचाही मला अभिमान. विहिरीवर डोक्यावरून पाणी घेतलं आणि थंडीनं दात वाजत, भिजलेलं ते जड लुगडं अंगाभोवती धरून मी दाराच्या या बाजूला उभी राहिले. ती त्या बाजूनं सांगत होती. गाठ आधी. आता डावीकडून. निऱ्या मोठ्या घाल, तू हडकुळी आहेस. मधली घे पायांतून, ओढ. आणखी. आत खोच. माझं दोनदा सुटलं. ती दोन्ही वेळा पहिल्यापासून सांगू लागली, आवाज न चढवता. नऊवारी आंधळ्यानं शिकवावं आणि पांगळ्यानं नेसावं, असा आमचा तो प्रकार.

मग मी आत गेले. ती पाठ करून उभी होती, एका हातानं मागचं टोक धरून. मी ते घेतलं, घट्ट केलं, खोचलं. तिची पाठ इतकी लहान आहे हे मी तोवर बघितलं नव्हतं. पहाटेच्या व्यायामात मी फक्त खांदा बघायची.

स्वयंपाक मी केला. ती पाटावर बसून सांगत होती. सार, भाजी, खीर, वडे. दोन हातांनी उचलायच्या पातेल्याला ती एकदा हात लावायला गेली, मग हात मांडीवर ठेवला. मीठ तिनं डाव्या हातानं घातलं. भटजी जेवले, चांगलं झालंय म्हणाले. सासू म्हणाली, सुनेनं केलं. त्या वेळी मी लाजले नाही.

फिजिओथेरपी आणखी आठ महिने चालली. हात कानाच्या वर गेला, थोडा. वेणी घालता येऊ लागली. पाठीमागे मात्र कमरेच्या हाडापुढे तो कधी गेला नाही. त्या मुलीनं शेवटी सांगितलं की आता जे आहे ते हे. सोडू नका, रोज करा, पण आशा याच्यापुढे नको.

पण तो हिशेब सासूनं श्राद्धाच्या दिवशीच उरकला होता. त्या दुपारी भांडी घासून झाल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. पाय लांब केले. जेवण होऊन सोवळं संपलं होतं, म्हणून अगदी शेजारी बसली. त्या घरात पन्नास वर्षं सकाळ तिच्या अंघोळीनं उजाडत होती, बाकी सगळ्यांनी तिच्या वेळेनं उठायचं. ती खालच्या आवाजात म्हणाली, "उद्यापास्नं तू किती वाजता अंघोळ करशील?"

मी म्हटलं, तुम्ही म्हणाल तेव्हा.

"तसं नको गे," ती म्हणाली. "तुझी सोय सांग. मी तंवर थांबेन."